बे सक बारा

कार्लाइलला पोचलो तेव्हा दुपारचे दोन,
आणि व्हॅनच्या मागच्या दाराचं बिजागर पुन्हा अडकलेलं.
डेन्झिलनं लाथ घातली. उघडलं.
आत बत्तीस पेट्या, एकीवर कुणाचं तरी अर्धं सँडविच,
परवाचं, ग्लासगोचं.

बॉलरूम जुना. लाकडी जमीन स्प्रिंगवर बसवलेली,
पाऊल टाकलं की जरा खाली जाते, वर येते,
शेवटचं जोडपं अजून निघालं नसल्यासारखी.
तिच्यावरून आम्ही दीड टन आवाज ढकलत नेतो.
हो, आवाजच. अजून न झालेला.

बँडची पोरं पाचला येतात, आंघोळ करून.
तोवर वायरी सोडायच्या, टेपनं जमिनीला डकवायच्या,
टोकाटोकाला नावं लिहायची :
किक, स्नेअर, बेस, कॅलमचा गळा.

मग मी माइकपुढे उभी राहते.
इथं सगळे वन टू म्हणतात.
मी पाढा म्हणते.
बे एके बे. बे दुणे चार.
डेन्झिलला अर्थ कळत नाही, अर्थ त्याला नकोच असतो.
त्याला हवा ब-मधला धक्का,
चोक-मधला च,
आणि सक, साती, सोळा यांतला
फणीच्या दातासारखा बारीक स.
चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाला,
हे कुणीतरी माइकसाठीच रचलेलं दिसतंय.
मी म्हटलं, नाही, छडीसाठी.

आज बे सक बाराला
स टाचणीसारखा कानात घुसला.
मी हात वर केला.
तो टेबलामागून हसला, अंगठा दाखवला.
पुन्हा म्हटलं. बे साती चौदा.
तो माझ्या ओठांकडे बघत होता.

ओठांकडे बघणारी माणसं मला लांबून ओळखू येतात.
इचलकरंजीत आमच्या गल्लीत सगळेच तसे बघायचे.
बाबा बावीस वर्षं मागावर.
रात्रपाळी सुटली की घरी येऊन ओरडून पाणी मागायचे
आणि आई का चिडते ते त्यांना कळायचं नाही.
आधी त्यांची पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी.
मग धाकटीची हाक.
माझी त्यातल्या त्यात उशिरा, मी कोकलायचे म्हणून.

रात्री नऊ. हॉल गच्च.
झांजा पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारख्या.
पहिल्या रांगेतल्या बाईनं कानात बोट घातलं.
डेन्झिल डोळे मिटून डोलतोय,
त्याच्यापुरता सगळा मखमल.

चौथ्या गाण्याला तो चहा आणायला जातो,
त्या गाण्यात काही बिघडत नाही असं त्याचं मत.
मी वरचा, सहा हजाराचा पट्टा
तीन खुणा खाली ओढला.
बाईनं बोट काढलं.

तो परतला. टेबलाकडे पाहिलं.
त्यावरची धूळसुद्धा त्याच्या ओळखीची.
काही बोलला नाही.
हातात दोन कप होते.
चार वर्षांत दुसरा कधी आणला नव्हता.

दीडला आवरलं.
वायर गुंडाळायला त्यानंच शिकवलंय मला :
एक वेढा वरून, एक खालून,
म्हणजे पीळ साठत नाही,
उद्या फेकली की सरळ धावते.
त्याचे हात कधी चुकत नाहीत.

एम सिक्सवर ग्वेन चालवत होती, रेडिओ बंद.
कानातली शिट्टी ज्याची त्याला.
पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या उजेडात
चिप्सची पिशवी दातानं फाडत तो म्हणाला,
उद्या वॉल्वरहॅम्प्टनला टेबलामागे तू.
आणि माइकपुढे?
मी, म्हणाला. शिकव ते तुझं.

पहाटेचे तीन.
बे एके बे, मी म्हटलं.
बे एके बे.
ग्वेन टाकी भरता भरता वळून बघायला लागली.
बे सकला तो अडला,
माझ्या तोंडाकडे पाहिलं,
जीभ दातांमागे नेली,
आणि त्याला ऐकू न येणारा स
अगदी स्वच्छ म्हणाला.